उठू देणारा खेळ

खेळणाऱ्याला डाव मधेच सोडून उठता आलं पाहिजे. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या, ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या गेमबद्दल माझी जी काही मतं आहेत ती सगळी या एका अपेक्षेतून निघाली आहेत. गेममधली चित्रं कशी आहेत, ती अवघड आहे की सोपी, तिच्यात गोळीबार आहे की नुसते फुगे फोडायचे आहेत, हे प्रश्न मला दुय्यम वाटतात. गेम फुकट आहे की नाही हे मी रुपयांवरून ठरवत नाही. मला तिच्यातून सहज उठता येतं का, आणि उठलो म्हणून माझं काही कापून घेतलं जातं का, यावरून ठरवतो.

अंगणात हा हक्क आपण सगळ्यांनी भोगलेला आहे. लपंडाव असो की लंगडी, कोणी 'टाइमप्लीज' म्हटलं की खेळ थांबायचा. पाणी पिऊन, आईची हाक ऐकून मूल परत यायचं, आणि 'मधल्या वेळात नव्हतास' म्हणून कोणी त्याच्यावर राज्य आणत नसे. पत्त्यांचा डाव अर्ध्यावर टाकून कोणी जेवायला गेलं तर फार तर बाकीचे कुरकुरायचे. खेळ माणसांच्या ताब्यात होता. आज हातातल्या पडद्यावर जे फुकट खेळ आहेत, त्यांतल्या बहुतेकांत हा ताबा दुसऱ्याकडे गेला आहे, आणि तो कसा गेला हे खेळणाऱ्यांपैकी कोणीतरी सांगायला हवं. या विषयावर बोलतात ते बहुधा न खेळणारे: काळजीत पडलेले पालक, शिक्षक, डॉक्टर, नाहीतर गेम विकणारे. मी खेळणारा आहे आणि अजूनही खेळतो.

मी पौडचा. पुणेकरांना हे नाव माहीत असतं ते बहुतेक कोथरूडमधल्या पौड रस्त्यामुळे; त्या रस्त्यावरून चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट ओलांडून पुढे आलं की लागतं ते मुळशी तालुक्याचं मुख्य गाव. या भागातल्या माझ्या पिढीची संगणकाशी ओळख झाली ती सायबर कॅफेत आणि एमएस-सीआयटीच्या वर्गात. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ मध्ये स्थापन झालं, आणि पुढच्या काही वर्षांत एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र सरकारी नोकरीसाठी लागतं म्हणून गावोगावची मुलंमुली त्या वर्गांत बसू लागली. टायपिंग आणि एक्सेलचा सराव संपला आणि सरांची पाठ वळली की पुढे काय व्हायचं हे त्या पिढीतल्या कोणालाही सांगावं लागणार नाही. ब्राउझर उघडायचा आणि गेम लावायची.

ब्राउझरच का, याला कारणं होती. त्या संगणकांवर नवं काही इन्स्टॉल करायची परवानगी नसे. गेमची अस्सल सीडी घेणं बहुतेकांच्या ऐपतीबाहेर होतं. क्रेडिट कार्ड तर घरात कोणाकडेच नव्हतं. ब्राउझरमधली गेम यांपैकी काहीच मागत नव्हती. पत्ता टाकला, पट्टी भरत गेली, खेळ सुरू. हे शक्य झालं फ्लॅश नावाच्या तंत्रामुळे. त्यात चित्र ठिपक्याठिपक्यांनी साठवलेलं नसे. रेषा कुठून निघते, कुठे वळते आणि आत कुठला रंग भरायचा, एवढंच लिहिलेलं असे. म्हणून अख्खी गेम काहीशे केबीत मावायची आणि रखडत चालणाऱ्या लाइनवरही उतरायची.

त्या खेळांना इंग्रजी लागत नव्हतं, हे मला त्याहूनही महत्त्वाचं वाटतं. चार बाण आणि स्पेसबार, संपलं. संगणकासमोर बसल्यावर आपण काहीतरी बिघडवू या भीतीने ज्यांचे हात आखडायचे, त्यांची ती भीती कोणत्याही अभ्यासक्रमाच्या आधी या गेमनी घालवली. चुकलं तर गाडी उलटते, पुन्हा सुरू करायचं. यंत्र मोडत नाही आणि कोणी ओरडत नाही. मराठी शाळेतून आलेल्या मुलांसाठी हे मोठं शिक्षण होतं, आणि त्याची नोंद कुठल्याही संगणक साक्षरतेच्या अहवालात सापडणार नाही.

स्टिक क्रिकेट आठवा. काड्यांची माणसं, दोनतीन कळा, आणि षटकात छत्तीस धावा. २००६ मध्ये बोश्त्यान चादेझ नावाच्या स्लोव्हेनियन विद्यार्थ्याने लाइन रायडर केली: आपण पेन्सिलीने रेघ ओढायची आणि त्या रेघेवरून एक पोरगा घसरगाडीवर बसून जायचा. जिंकणं नाही, हरणं नाही, गुणही नाहीत. फायरबॉय अँड वॉटरगर्ल ही गेम तर एकाच कीबोर्डवर दोघांनी खेळायची होती. एकाकडे बाण, दुसऱ्याकडे डाव्या बाजूची अक्षरं. एकाला आग चालते, पाणी चालत नाही, दुसरीचं उलट. दोघं एकमेकांना दार उघडून देत पुढे जातात. एका खुर्चीवर दोघांनी अर्धंअर्धं बसून खेळलेला तो खेळ ज्याने अनुभवला आहे, तो 'ऑनलाइन गेममुळे मुलं एकलकोंडी होतात' हे वाक्य सरसकट मान्य करणार नाही. एकलकोंडं करतो तो एका माणसाला एक पडदा वाटून देणारा धंदा.

त्या काळाला मी सोन्याने मढवत नाही. तेव्हाही या साइट जाहिरातींवर चालायच्या. २००१ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेली मिनिक्लिप काही धर्मादाय संस्था नव्हती, आणि पानाच्या कडेला लुकलुकणाऱ्या पाट्या तेव्हाही होत्या. पण त्या पाट्या खेळाच्या बाहेर होत्या. आत जी गेम चालू होती तिला माझं नाव ठाऊक नव्हतं. मी काल आलो होतो की नाही हे ती विचारत नव्हती. टॅब बंद केला की मी तिच्यासाठी संपलो आणि ती माझ्यासाठी. पुन्हा उघडली तर बहुधा पहिल्या पातळीपासून सुरुवात करावी लागे. याचं तेव्हा वाईट वाटायचं, आज मात्र त्याची किंमत कळते.

बदल कधी झाला याचं एक वर्ष सांगायचं तर मी २००९ सांगेन. त्या वर्षी जूनमध्ये झिंगा या अमेरिकन कंपनीने फेसबुकवर फार्मव्हिल आणली. पुढच्या वर्षी महिन्याला आठ कोटींहून जास्त लोक ती खेळत होते. गेम फुकट आणि ब्राउझरमध्ये चालणारी. एक छोटं शेत मिळायचं, नांगरायचं, पेरायचं, आणि ठरलेल्या वेळाने कापायचं. स्ट्रॉबेरी चार तासांत तयार. वेळेवर आला नाहीत तर पीक कोमेजून जाणार. शेजारी जोडले तर शेत वाढणार, म्हणून ओळखीपाळखीच्या सगळ्यांना आमंत्रणं जाणार. थांबायचं नसेल तर पैसे भरायचे.

मुळशीत बसून ही गेम पाहताना मला जे दिसलं ते शहरातल्या खेळणाऱ्याला कदाचित दिसलं नसेल. आमचा तालुका भाताचा. इथल्या आंबेमोहोराला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. राब भाजणं, रोप टाकणं, चिखलणी, लावणी, बेणणी आणि मग दिवाळीच्या आसपास कापणी, अशी ती लांबलचक वाट. त्यातही उशीर झाला तर नुकसान होतंच. लावणीचा पाऊस कोणासाठी थांबत नाही. पण ती वेळ पावसाने आणि रोपाने ठरवलेली असते, तिच्यात कोणाचा डाव नसतो. स्ट्रॉबेरीचे चार तास एका कचेरीत बसून ठरवले होते, माणूस दिवसातून किती वेळा परत यावा याचा हिशेब करून. पीक कोमेजण्याची भीती शेतकऱ्याच्या आयुष्यातून उचलली आणि करमणुकीच्या नावाखाली जगाला विकली. ज्या वर्षांत पौड रस्त्याच्या आणि हिंजवडीच्या आसपासच्या खऱ्या भाताच्या जमिनी प्लॉट, फार्महाउस आणि आयटी पार्कसाठी जात होत्या, त्याच वर्षांत लोक पडद्यावरचं शेत वाळू नये म्हणून गजर लावून उठत होते. हे मी केवळ योगायोग म्हणून सोडून देऊ शकत नाही. जमिनीशी बांधलेलं असण्यात जी सक्ती होती तेवढी उरली, आणि तांदूळ मात्र गेला.

फार्मव्हिलने घालून दिलेली वाट आता हमरस्ता झाली आहे. आजची कुठलीही 'फुकट' गेम उघडा. पाच जीव असतात. संपले की अर्धा तास थांबा किंवा जाहिरात पाहा. रोज आलात तर बक्षीस वाढत जातं. एक दिवस चुकला की सगळी साखळी तुटून पुन्हा शून्य. ब्राउझरमध्ये पान उघडताच विचारलं जातं, सूचना पाठवू का? चुकून होकार गेला की गेम बंद असतानाही ती हाका मारत राहते. पातळ्यांची रचना अशी, की सुरुवातीच्या वीसपंचवीस सहज सुटाव्यात आणि मग नेमक्या एका चालीने हरत राहावं. ती एक चाल विकत मिळते. बहुतेक लोक एक पैसाही भरत नाहीत. भरणारे थोडे आणि खूप भरणारे त्याहून थोडे, आणि त्या थोड्यांवर अख्खा डोलारा उभा असतो. न भरणाऱ्याकडून वसूल होतो तो त्याचा वेळ, जाहिरातींच्या रूपाने.

जाहिरातींबद्दल मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. जाहिरात असावी, वर्तमानपत्रात असते, एसटीच्या पाठीवर असते. पण बंद करायची फुली इतकी बारीक ठेवायची की बोट हमखास बाजूला पडावं, किंवा खोटीच फुली काढून तिच्यावर टेकताच दुसरं पान उघडावं, हा सरळसरळ फसवणुकीचा प्रकार आहे. लहान मुलांच्या रंगभरणीच्या खेळात मधेच रमीची जाहिरात यायची आणि तिच्यात ओळखीचा नट हसत पैसे जिंकताना दिसायचा. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या विधान परिषदेत एका मंत्र्यांच्या मोबाइलवर पत्त्यांचा खेळ दिसत असल्याची चित्रफीत सगळीकडे फिरली. तो खेळ आपण लावला नव्हता, तो आपोआप आला आणि आपण तो बंद करत होतो, असा त्यांचा खुलासा होता. खरं काय हे ठरवणं माझं काम नाही. पण राज्यभर चर्चा झाली ती एका माणसाच्या वागण्याची. न मागता पडद्यावर येणारे आणि बंद व्हायला नाखूष असलेले हे खेळ सर्वांच्याच मोबाइलवर रोज येतात, त्याबद्दल कोणी ब्र काढला नाही.

त्यानंतर महिन्याभरात संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्याने बंदी घातली. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, त्याची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायचे सामाजिक खेळ यांना मात्र त्याने उत्तेजन द्यायचं ठरवलं. पैशांच्या खेळांत घरं बुडालेली आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, म्हणून या कायद्याची गरज मला पटते. पण त्याने रेष मारली ती पैशापाशी. फुकट ती निरुपद्रवी, अशी समजूत त्यातून पक्की होते, आणि ती चुकीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये खेळाच्या विकाराला आजारांच्या यादीत जागा दिली तेव्हा त्याची लक्षणं अशी सांगितली: खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणं, नुकसान दिसत असूनही तो न थांबवता येणं. यात पैशांचा उल्लेखही नाही. उठता न येणं हीच ती व्याधी आहे, आणि उठू न देणं हा ज्यांचा धंदा आहे त्यांचे बरेचसे खेळ फुकट आहेत.

चीनने २०२१ मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच वेळ ऑनलाइन खेळता येईल असं फर्मान काढलं. हा मार्ग मला नको आहे. घड्याळ मुलाच्या मानेवर ठेवायचं आणि गेम बनवणाऱ्याला मोकळं सोडायचं, यात उलटा न्याय आहे. बेल्जियमने २०१८ मध्ये घेतलेली भूमिका मला जास्त पटते: पैसे देऊन उघडायच्या आणि आत काय निघेल हे माहीत नसलेल्या पेट्या म्हणजे जुगारच, तेव्हा त्या काढा, असं त्यांनी कंपन्यांना बजावलं. आपल्याकडेही २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात चांगली तरतूद आहे. अठरा वर्षांखालच्यांच्या वागण्यावर पाळत ठेवायची नाही आणि त्यांना नेमून जाहिराती दाखवायच्या नाहीत, असं तो म्हणतो. हे कलम खरोखर राबवलं तर मुलांच्या फुकट खेळांचं रूप बदलेल, कारण त्यांची बरीच कमाई या पाळतीवरच आहे.

आता मोठा आक्षेप. हे सगळं मान्य केलं तरी खेळायचंच कशाला? पुस्तक वाचा, तालमीत जा. तालमीचं मी मनापासून मान्य करतो. मुळशीला कुस्तीची परंपरा आहे. २०१७ ची महाराष्ट्र केसरी स्पर्धा आमच्याच तालुक्यात भूगावला झाली आणि पुण्याच्या अभिजित कटकेने गदा घेतली. पण तालीम म्हणजे पहाटेचे दोन तास, खुराक आणि एक वस्ताद. पिरंगुटच्या कारखान्यात रात्रपाळीला गेटवर बसलेल्या माणसाकडे ते नसतं. दुपारी घर आवरून झाल्यावर अर्धा तास मिळणाऱ्या बाईकडे नसतं. गाडीत बसून मालकाची वाट पाहणाऱ्या ड्रायव्हरकडे नसतं. त्यांचा मोकळा वेळ तुकड्यातुकड्यांचा असतो, कधी संपेल ते त्यांच्या हातात नसतं. अशा वेळात बसणारा छोटा खेळ ही त्यांची खरी गरज आहे. महाराष्ट्रातल्या किल्ल्यांवर आणि लेण्यांत दगडात कोरलेले खेळांचे पट सापडतात. पहाऱ्यावरच्या आणि मुक्कामाला थांबलेल्या माणसांनी ते कोरले असावेत असा अंदाज केला जातो, आणि मला तो अगदी स्वाभाविक वाटतो. वाट पाहणाऱ्या माणसाने खेळू नये असं म्हणणाऱ्याने स्वतः कधी वाट पाहिलेली नसते. माझा झगडा खेळाशी नाही. ज्यांचा वेळ आधीच तुकड्यांचा आहे त्यांचे तुकडेही ओरबाडणाऱ्या रचनेशी आहे.

आणि ती रचना अपरिहार्य नाही, याचे पुरावे आहेत. २०१४ मध्ये एकोणीस वर्षांच्या गॅब्रिएले चिरुल्ली या इटालियन मुलाने 2048 बनवली आणि खुली करून टाकली. सोळा घरं, आकडे सरकवायचे, सारखे आकडे एकमेकांत मिसळतात. नोंदणी नाही, जीव नाहीत, हाका नाहीत. घरं भरून एकही चाल उरली नाही की संपली. जॉश वॉर्डलने २०२१ मध्ये आणलेली वर्डल तर दिवसाला एकच शब्द द्यायची. तो सुटला की गेम स्वतःच म्हणायची, आता उद्या या. माणसाला जास्त वेळ अडकवण्याची एकही युक्ती नसलेली ती गेम काही महिन्यांत लाखो लोक खेळू लागले आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ती विकत घेतली. अडकवल्याशिवाय लोक येत नाहीत, हा धंदेवाल्यांचा दावा तिथेच खोटा पडला.

माझ्या लेखी सगळ्यांत वरचं नाव मात्र लिचेसचं. तिबो दुप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने २०१० मध्ये सुरू केलेली ही बुद्धिबळाची साइट. आज ती फ्रान्समधली एक ना-नफा संस्था चालवते. एकही जाहिरात नाही. प्रोग्रामचा कोड सगळ्यांना खुला. खर्च देणग्यांवर चालतो, आणि देणगी देणाऱ्याला काय मिळतं, तर नावाशेजारी पंखांचं एक छोटं चिन्ह. बाकी एकही सोय जास्तीची नाही. डाव संपल्यावर कुठे चुकलं ते संगणक तपासून सांगतो, तेही प्रत्येकाला, फुकट. ज्या वेळी बुद्धिबळाचे वर्ग शहरात, त्यांची फी शहराची आणि तिथे पोचायला पीएमपीची बस पकडून कोथरूड गाठायचं, त्या वेळी पौडच्या पलीकडच्या वाडीतल्या मुलीला रात्री साडेआठला ब्राझीलमधला तिच्याच ताकदीचा प्रतिस्पर्धी सेकंदाच्या आत मिळतो, ही मोठी गोष्ट आहे. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बातुमीला महिला विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. तिचं यश तिच्या मेहनतीचं आणि प्रशिक्षणाचं. ते मी कुठल्याही साइटच्या नावावर लिहीत नाही. पण तिला पाहून ज्या मुलींनी पट मांडला असेल, त्यांना पुढचा डाव खेळायला फुकट आणि स्वच्छ जागा आहे, याचं मला समाधान वाटतं. लिचेसवरही माणूस गुंतून पडू शकतो, मीही पडतो. फरक असा, की तिथे डावाला शेवट आहे. मात होते, बरोबरी होते किंवा राजीनामा देता येतो. आठवडाभर फिरकलं नाही तरी काही कोमेजत नाही.

बनवणाऱ्यांनी खायचं काय, हा प्रश्न रास्त आहे. गेम बनवणं कष्टाचं काम आहे आणि सगळ्यांनी देणग्यांवर जगावं असं मी म्हणणार नाही. पूर्वी त्यांच्याकडे एक खरी अडचण होती: गावातल्या पोराकडून पाच-दहा रुपये घ्यायला वाटच नव्हती. म्हणून जाहिरात आली, म्हणून पाळत आली. पण २०१६ मध्ये यूपीआय सुरू झालं आणि आता पौडमधला भाजीवाला दहा रुपयेसुद्धा कोड दाखवून घेतो. त्याच वर्षी जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. म्हणजे फुकट देऊन मागच्या दाराने वसूल करण्याचं जे कारण होतं ते आपल्या देशात तरी संपलं आहे. दहा रुपये मागा. पुढच्या दाराने मागा, एकदाच मागा, आणि मग मला शांतपणे खेळू द्या. असे दहा रुपये मी आनंदाने देईन, आणि माझ्यासारखे पुष्कळ देतील. ज्याला परवडत नाही त्याला पहिले काही टप्पे मोफत द्या. सरळ किंमत ही फसव्या फुकटेपणापेक्षा खेळणाऱ्याचा जास्त मान राखते.

एक दुःख मात्र सांगितलं पाहिजे. त्या जुन्या खेळांतले बहुतेक गेले. आयफोनने फ्लॅश कधी स्वीकारलंच नाही, सुरक्षेची भोकं बुजता बुजेनात, आणि फ्लॅशची मालक असलेल्या अडोबीने २०१७ मध्ये जाहीर करून ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार काढून घेतला. १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅशमधला मजकूर चालणंच बंद झालं. त्याच ३१ डिसेंबरला फेसबुकवरची फार्मव्हिलही मिटली. मिनिक्लिपने २०२२ मध्ये आपल्या साइटवरचे जवळजवळ सगळे खेळ काढून टाकले. फ्लॅशपॉइंट नावाच्या प्रकल्पात जगभरच्या स्वयंसेवकांनी लाखाहून जास्त खेळ जपून ठेवले आहेत, रफल नावाच्या प्रोग्राममुळे त्यांतले अनेक आज पुन्हा ब्राउझरमध्ये चालतात. कोणीही सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी हे केलं. सिनेमाची रिळं जपावीत हे आपल्याला पटायला फार वेळ लागला आणि तोवर आपल्याकडच्या मूकपटांतले बहुतेक नष्ट झाले होते. एका पिढीने ज्या खेळांवर संगणक शिकून घेतला ते खेळही जपण्यासारखे आहेत, हे मी पूर्ण गांभीर्याने म्हणतो.

या सगळ्यात मराठी कुठे आहे? बाजारात मराठी म्हणून मिळणाऱ्या गेम बहुधा इंग्रजी गेमवर चिकटवलेली मराठी अक्षरं असतात. आट्यापाट्या, सागरगोटे, सारीपाट, विटीदांडू, गावागणिक बदलणारे पत्त्यांचे डाव, जोडाक्षरांवर रचता येतील अशी शब्दकोडी; यांतलं काय काय उघडताक्षणी सुरू होणाऱ्या, नाव न विचारणाऱ्या पानावर बघायला मिळतं? फार थोडं. आणि ज्यांना हे करता येईल ती माणसं दूर नाहीत. हिंजवडी, माण, मारुंजी ही गावं मुळशी तालुक्यातलीच. ज्या तालुक्याचं कचेरीचं गाव पौड, त्याच तालुक्यात देशातल्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या इमारती आहेत, आणि तिथे काम करणाऱ्या असंख्य मराठी मुलामुलींनी आपली पहिली गेम कुठल्यातरी सायबर कॅफेत खेळलेली आहे. आता तर फ्लॅशचीही गरज उरलेली नाही. ब्राउझर स्वतःच सगळं चालवतो आणि असं एक छोटं पान ठेवायला जवळजवळ खर्च येत नाही.

त्यांना माझी विनंती आहे. शनिवार-रविवार काढून एक तरी खेळ मराठीत बनवा. सारीपाट बनवा, नाहीतर एका कीबोर्डवर दोघांनी खेळायच्या आट्यापाट्या बनवा. नोंदणी नको, पाळत नको, रोजच्या हजेरीचं बक्षीस नको. लागले तर उघड दहा रुपये मागा. डावाला शेवट ठेवा. आणि कोड खुला ठेवा, म्हणजे तुम्ही कंटाळलात तरी दुसरं कोणीतरी तो पुढे चालवील.

पालकांनाही एक सांगणं आहे. मुलाच्या हातातून मोबाइल हिसकावण्याआधी ती गेम एकदा स्वतः खेळून पाहा, आणि मधेच बंद करून दोन दिवसांनी पुन्हा उघडा. तिने काही कापलं असेल, हाका मारल्या असतील, रुसवा दाखवला असेल, तर ती काढून टाका. तसं काही केलं नसेल तर मुलाला खेळू द्या, आणि जमलं तर शेजारी बसून दुसऱ्या बाजूने तुम्हीही खेळा.